बोंबीवाले डाक्टर

पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी बावणे डॉक्टर चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचे. प्यायचा नाही, नुसता धरायचा. अहेरीच्या आमच्या दवाखान्यात ओपीडी सुरू झाली की पहिला ग्लास त्यांच्या टेबलावर यायचा तो हात शेकायला. समोरची बाई पदर तोंडावर घेऊन, भिंतीकडे बघत पडलेली असायची आणि हे आपले तिला विचारत बसायचे, "औंदा धान कोणतं लावलं वो बाई?" ती पदराआडून धानाचं नाव सांगायची, मग पाण्याचं सांगायची, मग रानडुकरांनी बांधावर काय धिंगाणा घातला ते सांगायची. तोवर हात गरम झालेले असत. मग अलगद पोटावर. "थंडा हात लावला का पोट आखडून जाते," ते म्हणत. "मंग आतलं काईच सांगत नाई ते." दुसरा ग्लास प्यायला यायचा. तोही बोलण्याच्या नादात निवून जायचा.

गेल्या महिन्यात ते गेले. मी रिटायर होऊन सिंदेवाहीला माझ्या घरी आहे. सकाळी तांदूळ निवडत होते, तर पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, बाबा गेले. झोपेतच." मी मोठी, मी तिला धीर द्यायचा. इथं तीच मला म्हणत होती, मावशी पाणी प्या. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी राग आला. या माणसावर मी नोकरीभर रागावत आले, आणि आता रागवायला कोणी उरलं नाही म्हणून आणखीच राग आला.

ते ऊर्जानगरचे. वडील चंद्रपूरच्या थर्मल वीज केंद्रात फिटर. कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला पोरगा, घरात पान्हे-पक्कड भांड्यांच्या शेजारी ठेवलेले. डॉक्टर झाले तरी ती खोड गेली नाही. दवाखान्यातला पंखा आवाज करायला लागला की इलेक्ट्रिशियनला निरोप जायच्या आधी सर स्टुलावर चढलेले. उंच, काटकुळे, पायात रबरी चप्पल, शर्टाची वरची गुंडी कायम उघडी. नवीन आलेला माणूस त्यांनाच विचारायचा, "डाक्टर कुठी बसते?" आणि हे हात पुसत सांगायचे, "बसा, येऊन राह्यले."

मी थिएटरची सिस्टर. इन्चार्ज म्हणा. त्यांच्या हातात हत्यार देणं आणि त्यांनी वापरलेलं हत्यार धुऊन ठेवणं हे माझं काम. म्हणून माझ्या आठवणींत त्यांचा चेहरा कमी आणि हात जास्त आहेत.

सुरुवातीला ते सगळ्यांसारखीच दुर्बिणीची ऑपरेशनं करत. पोटावर चार बारीक छिद्रं, आत कॅमेरा, समोर पडदा. आमच्या भागात सिकलसेलचा आजार घरोघरी. त्यात रक्त लवकर मोडतं, आणि मोडलेल्या रक्तापासून पित्ताच्या पिशवीत खडे होतात. त्यामुळं शहरात जे दुखणं चाळिशीच्या बायांना होतं ते इथं लग्नाच्या पोरींना व्हायचं. तशीच शेवंता नावाची एक पोरगी आली होती, आलापल्लीच्या पलीकडची, धान लावणाऱ्या घरातली. सरांनी तिची पिशवी काढली. तिसऱ्या दिवशी पोरगी चालत घरी गेली. आम्ही खूश. काही महिन्यांनी तिची आई आली ती ओपीडीच्या दारातच खाली बसली. मग हळूहळू कळलं. हळदीच्या दिवशी आंघोळ घालताना नवऱ्याकडच्या बायांनी पोरीच्या पोटावरच्या खुणा बघितल्या होत्या. गावोगावच्या शिबिरांत बायांची नसबंदी दुर्बिणीनंच होते, तिच्याही खुणा अशाच. बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि मांडवातून वऱ्हाड परत गेलं. पोट्टीचं आपरेशन झालं हाय, हिला लेकरू होणार नाई. झालं. पित्ताची पिशवी कुठं आणि गर्भाची कुठं, पण मांडवात कोण कोणाला शरीरशास्त्र शिकवणार?

सर त्याच दुपारी त्या गावाला गेले. मीही सोबत. नवरदेवाच्या घरी त्यांनी समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं. लोकांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, मान हलवली. पण त्या पोराचं दुसरीकडं ठरलंही होतं. परत आल्यावर दवाखान्याच्या फाटकापाशी जीपमधून उतरताना सर म्हणाले, "शकुबाई, खूण दिसलीच नाई पायजे."

मी म्हटलं, "सर, पोट फाडायचं आणि खूण नको, हे कसं जमंल?"

"बोंबीतून," ते म्हणाले.

बोंबी म्हणजे बेंबी. देवानं प्रत्येकाच्या पोटावर आधीच एक खूण करून ठेवली आहे, तिच्या घडीत काप घ्यायचा, सगळं तिथूनच आत न्यायचं, तिथूनच बाहेर काढायचं. जखम भरली की घडीत लपून जाते. ऐकायला सोपं. पण एवढ्याशा दारातून कॅमेरा आणि दोन हत्यारं शिरणार म्हणजे अरुंद पांदणीत तीन बैलगाड्या. सरळ दांड्याची हत्यारं तिथं एकमेकांवर आपटतात. म्हणून त्यासाठी वाकणारी हत्यारं असतात. बाहेर मूठ वाकवली की आतलं टोक वाकतं. अंगठ्यानं कळ दाबली की टोक वाकल्या जागी पक्कं राहतं. आणि आत दोन्ही हत्यारं एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळं उजव्या हातातलं टोक पडद्यावर डावीकडं दिसतं आणि डाव्यातलं उजवीकडं. आयुष्यभर शिकलेलं सगळं उलटं.

सर रजा घेऊन मोठ्या शहरात ते शिकून आले, आणि लांबोडक्या पेटीत हत्यारं घेऊन आले. मग घरी सराव. पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला झाकणात एकच भोक पाडलं, आत कॅमेरा सोडला, घरातला टीव्ही जोडला. डब्यात दोन वाट्या. एका वाटीतली चारोळी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची, एकेक दाणा. तेव्हा वहिनी होत्या. एकदा मी गेले तर त्या म्हणाल्या, "शकुबाई, या घरात खीर झाली तर सांगा मला. सगळी चारोळी आपरेशनला भरती झाली आहे." सर आतून म्हणाले, "दाणा फुटला नाई पायजे, एवढंच पाहून राह्यलो." मान वाकडी, कोपर उचललेलं, दोन्ही हात एकमेकांवरून गेलेले. सुरकुत्या पडलेल्या शर्टात हा माणूस टीव्हीसमोर असा तिरपागडा उभा. वहिनींना मालिका बघायची होती, तर त्या वाट बघता बघता झोपून गेल्या.

मला ती हत्यारं कधीच आवडली नाहीत. आवडायला मला ती वापरायची नव्हती, धुवायची होती. टोक वाकतं तिथं बारीक सांधे, आत तारा. त्या सांध्यांत रक्त जाऊन बसायचं ते काही केल्या निघायचं नाही. मऊ ब्रशनं, पुन्हा पाण्यात, पुन्हा ब्रश, मग भिंगातून बघायचं. बाकी सगळी ट्रॉली आवरून व्हायची तरी माझी ती दोन नखरेवाली सिंकमध्येच. मी म्हणायची, "सर, ह्या सोंडा तुमच्या लाडाच्या असतील, माझ्या सवती आहेत." ते हसायचे आणि स्वतः शेजारी येऊन ब्रश हातात घ्यायचे.

नागपूरचे सर्जन त्यांना नावं ठेवायचे, तेही मी ऐकलं आहे. चार छिद्रांनी जे सुखासुखी होतं ते एका छिद्रातून करायचा अट्टाहास कशाला, वेळ जास्त, वैताग जास्त, फायदा असा कितीसा. सर वाद घालत नसत. "बरोबर आहे तुमचं," म्हणायचे. "शहरात नाई फायदा. आमच्याकडं हळद लागते." समोरच्याला काही कळायचं नाही आणि हे उलगडून सांगायचे नाहीत.

पोटात काम करताना मात्र त्यांच्या तोंडाला खळ नसे. पित्ताच्या पिशवीशी ते असं बोलायचे की जणू गोठ्यातली गाय वळवून राहिले. "ये वो माय. इकडं ये. हं, तिकडं नको पाहू." भुलीचे डॉक्टर कंटाळून म्हणायचे, "सर, पेशंट झोपला आहे." "पेशंट झोपला, पिशवी कुठी झोपली?" नवीन डॉक्टर कुणी शिकायला आले तर त्यांना एकच धडा. "दुसऱ्याच्या पोटात शिराचं त पाहुण्यावानी शिराचं. घरातल्या सामानाले हात नाई लावाचा. ज्या कामाले आलो ते कराचं अन् निंगाचं."

पण पाहुणा कितीही चांगला असला तरी घरच्यांच्या मनात शंका असतेच. जानकी नावाची एक लेकुरवाळी बाई, आमच्या त्या बोंबीतल्या ऑपरेशननंतर चांगली घरी गेली. घरी गेल्यावर पोटात गॅस धरला, दुखायला लागलं. सासू म्हणाली, डाक्टरनं बोंबीतच हात घातला, बोंबी सरकली. आमच्याकडे पोट दुखलं की पहिलं निदान हेच, बोंबी सरकली. ती जागेवर आणणाऱ्या बाया असतात. तिथं चुक्कीबाई म्हणून एक गोंड म्हातारी होती, तिच्या हाताला गुण म्हणून पंचक्रोशीत नाव. तिनं तेल लावून पोट असं मळलं, बोटं घालून बोंबी अशी ओढून जागेवर आणली, की आमचे सगळे टाके तुटले. जानकी परत आली ती जखम उघडी घेऊन. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हातारीला पोलिसात दिली पाहिजे इथपर्यंत बोलले. सरांनी जानकीची जखम साफ केली, पुन्हा शिवली, हात धुतले आणि जीपची चावी घेतली. मी म्हटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मुद्दाम सोबत गेले.

चुक्कीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सरांनी राम राम केला, बाजेवर बसले, आणि शर्ट वर करून आडवेच झाले. "बाई, माही बोंबी पाह्यजो."

म्हातारीनं हात पुसले. अंगठा त्यांच्या बेंबीवर ठेवला, डोळे मिटले. मग म्हणाली, "सरकली हाय. लगित दिवसाची, आजची नोहोय. तू वाकडा उभा राह्यतं का रे?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. त्यांनी तिच्याकडून पोट मळून घेतलं, ओय ओय करत. मग उठून बसले आणि तिला विचारत राहिले, अंगठ्याखाली काय लागतं, कसं कळतं, मळायचं कधी आणि नाही कधी. तिनं सांगितलं, अंगठ्याखाली धाप लागते, नाडीच्या ठोक्यासारखी, ती मधोमध असली की बोंबी जागेवर, मग मळायचं कारण नाही. "मंग माह्या पेशंटचं एवढंच करजो बाई," सर म्हणाले. "अंगठा लावून पाह्य. मळाचं नाई. टाके हायेत ना आत." म्हातारीनं विचार केला आणि म्हणाली, बाजाराच्या दिवशी मी अहेरीला येतोच.

आणि ती यायला लागली हो. आठवडी बाजाराच्या दिवशी वॉर्डात यायची, घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पट्टीच्या कडेला अंगठा टेकवायची, डोळे मिटायची. "जाग्यावर हाय," म्हणायची. एवढ्यानं बायांचे चेहरे सैल व्हायचे. आमच्या डिस्चार्जच्या सूचनांनी जे कधी झालं नव्हतं ते त्या अंगठ्यानं झालं. पुन्हा कुणी पोट मळून घेऊन आलं नाही. भामरागडपासून सिरोंच्यापर्यंत लोक सरांना बोंबीवाले डाक्टर म्हणायला लागले. पोरीबाळींच्या आया आडून विचारत, "बोंबीवाले डाक्टर हायेत ना आज?" मी वैतागून म्हणायची, "नाव आहे त्यांना." सरांना मात्र ते नाव आवडायचं.

वहिनी गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. ओपीडीत सर नेहमीसारखा ग्लास धरून बसले होते. चहा नुकताच उकळून आणलेला, मला ट्रेमधूनही त्याची धग लागली होती. बाईशी बोलता बोलता त्यांनी ग्लास खाली ठेवला तेव्हा मी बघितलं, उजव्या अंगठ्याच्या पोटावर टपोरा फोड आला होता. त्यांना पत्ताच नाही. मी बाईला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि त्यांचा हात हातात घेतला. सुईच्या टोकानं अंगठ्याला टोचलं. ते माझ्याकडं बघत राहिले, हाताकडं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून असंल."

"आणि ऑपरेशनं करून राहिले तुम्ही?"

"बाकीची बोटं आहेत ना शकुबाई."

इतकी वर्षं मान वाकडी, खांदा उचललेला, हात एकमेकांवर आणि सगळा जोर त्या अंगठ्याच्या कळीवर. मानेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. नागपूरला दाखवलं तर त्यांनी तिथंच भरती करून मानेचं ऑपरेशन केलं. गळ्यात पट्टा घालून सर परत आले. मान दुखायची थांबली, अंगठा मात्र मेला तो मेलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता थिएटर बंद. सरांनी मला तसं सांगितलं नाही. मला त्यांच्या मुलीकडून कळलं.

त्या दिवशी मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, "ज्या कळीवर समोरच्या पोरीचा जीव आहे ती कळ लागली का नाही, हे तुम्हाला कळत नाही. तुमच्या केसला मी ट्रॉली लावणार नाही." ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "इथं दुसरा कोण आहे?" हे खरं होतं. चंद्रपूरपर्यंत दुसरा सर्जन नव्हता, आणि चंद्रपूरला जायला आमची माणसं तयार होत नसत. पण मी हटले नाही. त्यांनी कबूल केलं. वाकणारी हत्यारं मी धुऊन, पुसून, कपाटात ठेवली. अपेंडिक्स, गळवं, असली उघडी कामं तेवढी ते करत राहिले, तीही डाव्या हाताला पुढं करून. आरशासमोर उभं राहून डाव्या हातानं गाठी मारायचा सराव करताना मी त्यांना बघितलं आहे. माणूस किती एकटा पडतो ते तेव्हा दिसलं मला.

मग सुनीता आली. लग्न ठरलेलं, वैशाखातली तारीख, सिकलसेल, खडे, दुखून दुखून पोरगी अर्धी झालेली. तिची आई सरांचे पाय सोडेना. "तिच्या मावशीच्या पोरीचं तुमीच केलं ना डाक्टर. काईच दिसत नाई तिच्या पोटावर. माह्याच पोरीले काऊन नाई म्हणता?" सर मला म्हणाले, "ही एकच." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "शकुबाई, कळ लागली का नाई ते तुम्ही पाहा. तुम्ही हो म्हटल्याबिगर मी ओढणार नाई." मी पुन्हा नाही म्हटलं. मग ते दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या साहेबांकडून परवानगी घेऊन आले, आणि मी ट्रॉली लावली, कारण दुसऱ्या कुणी लावली असती तर कळीकडं बघायलाही कुणी नसतं.

सगळं नीट चाललं होतं. मी कळ बघत होते, "लागली" म्हणत होते, ते पुढं जात होते. "ये वो माय," सुरू होतं. आणि एका क्षणी त्यांनी हत्यार फिरवलं तेव्हा अंगठा कळीवरून घसरला. त्यांना कळलं नाही, मला दिसलं, मी "सर" म्हणेपर्यंत आतलं टोक सरळ झालं होतं आणि बारीक रक्तवाहिनी फाटली होती. पडदा लाल झाला.

सरांचा आवाज जराही चढला नाही. "सिस्टर, उघडाचं." मी ब्लेड दिलं. बरगडीखालून त्यांनी काप घेतला, चांगला लांब, जुन्या पद्धतीचा. डावा हात आत घातला आणि दोन बोटांत ती वाहिनी धरली. रक्त थांबलं. मग त्याच हातानं गाठी मारल्या, आरशासमोर शिकलेल्या. पोरगी वाचली. शेवटी कातडी शिवताना ते थांबले आणि त्या कापाकडं बघत उभे राहिले. शिवण मी पूर्ण केली.

बाहेर जाऊन त्यांनी आईला स्वतः सांगितलं, "माह्या हातानं चूक झाली." आईला आधी कळलंच नाही, ती पाया पडायला लागली. सरांनी तिला धरून बसवलं आणि पुन्हा सांगितलं. पुढं ते नवरदेवाच्या गावालाही गेले, पिशवीतले खडे दाखवायला डबीत घालून. तरीही ते लग्न मोडलं. सुनीताचं लग्न पुढल्या वर्षी झालं, दुसऱ्या घरी. सरांना पत्रिका आली होती. ते गेले नाहीत.

त्या दिवसानंतर सर थिएटरमध्ये शिरले नाहीत. ओपीडीत बसत, ग्लास धरत, आता फक्त डाव्या हातानं. ऑपरेशनचं काम निघालं की चंद्रपूरला पाठवायचे. मुलगी म्हणायची, पुण्याला या. येतो, येतो म्हणत होते. जायचा दिवस ठरला, सामान बांधलं, आणि त्याच सकाळी भामरागडकडून सोमीबाई आली.

सोमीबाई माडिया आदिवासी, पन्नाशीची. तिच्या पोरीचं ऑपरेशन सरांनी कधीकाळी केलेलं. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, पोटाला हात लावू देईना. सरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खडा नळीत अडकून आत पू झाला होता. थांबण्यासारखं नव्हतं.

"बाई, चंद्रपूरले जा लागंल," ते म्हणाले. "लवकर."

"तूच कर."

"मले आता येत नाई बाई." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी उजवा हात पुढं केला. "हा हात गेला माहा."

सोमीबाईनं त्यांचा हात घेतला, अंगठा दाबून बघितला, उलटासुलटा करून बघितला. मग हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मंग मी थांबतो. तुहा हात बरा झाला का येतो." आणि उठून चालायला लागली. तापानं फणफणलेली बाई, भिंत धरत धरत दाराकडं.

सर तिच्यामागं गेले. व्हरांड्यात तिला थांबवून समजावत राहिले, ती मान हलवत राहिली. "तिथी माह्या ओळखीचं कोण हाय?" एवढंच म्हणायची. एकटी आली होती. नवरा नाही, पोरगी सासरी दूर. शेवटी सर म्हणाले, "मी येतो ना तुह्यासंगं."

रुग्णवाहिकेत ती आडवी, सर तिच्या डोक्याशी, मी सलाईनच्या बाटलीजवळ. रस्ताभर ते तिला रानातलं विचारत होते, तेंदूपान कसं आलं, चारोळीची चारं पिकली का. त्यांना ऐकायचं नव्हतं, तिला जागं ठेवायचं होतं. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी फोन गेला होता, त्यामुळं थेट थिएटरकडं नेलं. सगळं चकचकीत, काचेची दारं. आत जाताना सोमीबाईनं आपलं फडक्याचं गाठोडं सरांच्या हातात दिलं.

दारातली सिस्टर कोवळी पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. "पेशंटसोबत कोण आहे?"

"मी," सर म्हणाले. "इथं सही..."

"तुमचं नातं काय?"

"भाऊ लिहा."

तिनं लिहिलं. सरांनी डाव्या हातानं कशीबशी सही केली आणि सवयीनं एक पाऊल पुढं टाकलं, दाराच्या आत. त्या पोरीनं हात आडवा केला. वाईट बोलली नाही, रोज दहा जणांना सांगत असेल तशीच म्हणाली, "काका, आत नाही येता येत. बाहेर बसा."

मी तोंड उघडलं. सांगणार होते तिला, पोरी, तू कोणाला अडवून राहिलीस माहीत आहे का. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको. मग म्हणाले, "शकुबाई, तुमची गाडी परत जाऊन राह्यली. तुम्ही निंगा. तिकडं वॉर्डात कोणी नाई."

सोमीबाई बरी झाली. तिला सुट्टी मिळेपर्यंत सर चंद्रपूरलाच राहिले, ती आपल्या गावच्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी पुण्याची गाडी पकडली, हे मला मुलीनं नंतर सांगितलं. आमची भेट पुन्हा झाली नाही. फोनवर बोलत होतो, पण त्या बोलण्यात काही नसायचं, तब्येत कशी, पाऊस कसा.

त्या दिवशी मी निघाले ते पायऱ्यांपर्यंत गेले आणि राहवलं नाही म्हणून मागं वळून बघितलं. थिएटरबाहेरच्या लोखंडी बाकावर सगळ्यांचे नातेवाईक बसले होते, कुणी डबा घेऊन, कुणी लेकरू घेऊन. त्यांच्यात सर बसले होते, मांडीवर सोमीबाईचं गाठोडं. आतलं दार उघडलं. बाकावरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली, आपलं कुणी बाहेर येतंय का बघायला. सरही उठले.